केशरोपणाआधी मानेमागच्या कातडीचा हिशोब मांडा

केशरोपणाबद्दल वाचक विचारतात ते प्रश्न वरवर वेगवेगळे दिसतात, पण फिरून एकाच जागी येतात. "मशीनने करतात त्यात टाके नसतात, म्हणजे व्रण राहत नाही ना?" "डॉक्टरांनी दोन हजार ग्राफ्ट सांगितलेत. पॅकेजात तीन हजार बसतात, तर तेवढे करून घेऊ का?" एका ताईंचा प्रश्न मात्र नेमका होता: "ह्यांनी लग्नाआधी केस लावून घेतले होते. आता सासरे गेले, मुंडन केलं, तर डोक्याच्या मागे पांढरे ठिपकेच ठिपके. हा कोड तर नाही ना?"

तो कोड नव्हता. पुढे लावायला जिथून जिथून केस उचलले, तिथे तिथे राहिलेली ती खूण होती. ती राहणार हे शस्त्रक्रियेआधी त्यांना कुणी सांगितले नव्हते, कारण जाहिरातीत 'बिनव्रणाचे' असे छापलेले होते.

बिनव्रणाचे केशरोपण अस्तित्वात नाही. त्वचा छेदली की व्रण राहतोच. तो किती मोठा राहील, कुठे राहील आणि लपेल की नाही, एवढेच ठरवता येते. त्यातला बराचसा भाग तुम्ही टेबलावर आडवे होण्याआधीच ठरून गेलेला असतो. म्हणून हा लेख मुख्यतः त्या आधीच्या काळाविषयी आहे.

पहिला प्रश्न: रोपण लागतेच का?

सगळे टक्कल एका जातीचे नसते. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस अचानक पुंजक्याने गळू लागले. बायका, मुले, सगळेच त्यात होते. चर्चा गव्हातल्या सेलेनियमपर्यंत पोहोचली, आणि पुढे अनेकांचे केस परत आलेही. अशा डोक्यावर कुणी रोपण केले असते तर फुकटची भोके पडली असती.

आपल्या घरातही हेच घडते. टायफॉइड, डेंग्यू, बाळंतपण किंवा थायरॉइडच्या बिघाडानंतर, लोह कमी पडल्यावर केस गळतात आणि कारण दूर झाले की बहुतेक वेळा परत येतात. चाई पडली असेल तर ती आधी औषधाने शांत करायची असते. त्वचेलाच दाह होऊन केसांची मुळे जळून जातात असेही काही आजार आहेत. तो दाह चालू असताना रोपण केले तर नवे केसही जातात आणि व्रण वाढतो.

म्हणून कुठल्याही पॅकेजची चौकशी करण्याआधी एकदा त्वचारोगतज्ज्ञाकडून निदान करून घ्या. सोलापुरात त्यासाठी डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, म्हणजे आपले सिव्हिल, आहे. केसपेपर काढून त्वचा विभागात दाखवा. तिथे कुणालाच तुम्हाला काही विकायचे नसल्याने उत्तर सरळ मिळते.

वय पंचविशीच्या आत असेल तर थांबा. टक्कल कुठपर्यंत जाणार हे अजून ठरलेले नसते. आज कपाळावरची केसांची रेघ भरून घेतली आणि पाच वर्षांनी त्यामागचे केस गेले, तर पुढे बेट आणि मागे वाळवंट असे दिसते. मग ते भरायला पुन्हा मानेमागे भोके पाडावी लागतात.

दोन हजार भोके म्हणजे किती कातडी?

हा हिशोब शाळेतला आहे, पण सल्ला घेताना कुणी करून दाखवत नाही. एफयूई पद्धतीत, म्हणजे लोक 'मशीनने' म्हणतात त्यात, नळीसारखा पोकळ पंच फिरवून एकेक ग्राफ्ट मुळासकट सोडवतात. एका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस असतात. पंच जेवढ्या व्यासाचा, तेवढे भोक. दोन हजार ग्राफ्ट काढले तर:

- ०.८ मिलिमीटरचा पंच: सगळी भोके मिळून सुमारे १० चौरस सेंटिमीटर
- १ मिलिमीटरचा पंच: सुमारे १६ चौरस सेंटिमीटर
- १.२ मिलिमीटरचा पंच: सुमारे २२ ते २३ चौरस सेंटिमीटर

सोळा चौरस सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ काडेपेटीच्या पाठीएवढी जागा. पंच ०.८ वरून १.२ वर गेला की जखम दुपटीहून मोठी होते, आणि तुमच्या कागदावर मात्र दोन्हीकडे '२००० ग्राफ्ट' एवढेच लिहिलेले असते. म्हणून ग्राफ्टचा दर विचाराल तिथे पंचाचा व्यासही विचारा. फार बारीक पंचाचाही हट्ट धरू नका. केस जाड किंवा कुरळे असतील तर अति बारीक पंचाने मूळच कापले जाते. मग भोक पडते, पण केस मिळत नाही. साधारण ०.८ ते १ मिलिमीटर हा व्यवहारातला पल्ला आहे. तुमच्या केसाला यातला कुठला, हे डॉक्टरांनी केस भिंगाखाली पाहून सांगावे.

दुसरा हिशोब घनतेचा. मानेमागे एका चौरस सेंटिमीटरमध्ये साधारण ६५ ते ८५ ग्राफ्ट असतात. एका बैठकीत त्यातले पंधरा-वीस उचलले तर बाकीचे केस रिकाम्या जागा झाकून घेतात. त्याहून फार पुढे गेले की मागचे डोके कसर लागलेल्या लोकरीच्या कपड्यासारखे विरळ दिसू लागते, आणि ते दुरुस्त करायला शरीरावर दुसरी तशी जागा नसते. मानेमागचे केस ही एकदाच मिळालेली ठेव आहे. 'अनलिमिटेड ग्राफ्ट' ही योजना रोपण केंद्राला परवडते. ती भरते तुमच्या ठेवीतून.

मार्च २०१९ मध्ये मुंबईत एका ४३ वर्षांच्या व्यावसायिकाने एकाच बैठकीत नऊ हजारांहून अधिक ग्राफ्ट बसवून घेतल्याच्या बातम्या आल्या होत्या. नंतर त्यांचा चेहरा सुजला, श्वास लागला आणि त्यांचा मृत्यू झाला. एका बैठकीत साधारण तीन हजारांच्या पुढे जाऊ नये, हे त्या वेळी अनेक तज्ज्ञांनी बोलून दाखवले.

टाक्यांची की बिनटाक्यांची?

एफयूटी पद्धतीत मानेमागून त्वचेची आडवी पट्टी काढतात, कडा शिवतात आणि पट्टीतून ग्राफ्ट सोडवतात. टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात. मागे राहते ती एक रेघ. पट्टी रुंद घेतली तर कडांवर ताण येतो आणि रेघ पसरते. बेताची घेतली, नीट शिवली, तर बोटभर केसांखाली ती शोधावी लागते.

एफयूईत रेघ नसते, ठिपके असतात, आणि ते जास्त जागेवर पसरलेले असतात. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर ते पांढुरके उठून दिसतात.

निवड करताना तुम्ही केस कसे ठेवता ते पाहा. मागे मशीन मारून बारीक ठेवत असाल तर रेघ दिसेल, तेव्हा एफयूई बरी. केस वाढवत असाल तर दोन्ही चालतील. सोलापूरकरांना इथे आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. आपल्याकडे कितीतरी घरांत, विशेषतः पूर्व भागातल्या तेलुगू भाषक घरांत, तिरुपतीला जाऊन केस देण्याची रीत आहे. शिवाय वडील गेल्यावर मुंडन आहेच. पूर्ण वस्तरा फिरवल्यावर रेघ किंवा ठिपके यांतले काही ना काही दिसणारच. बालाजीचा नवस राहिला असेल तर तो आधी फेडून या. मी हे गमतीने लिहीत नाही. जखम ताजी असताना किंवा ग्राफ्ट धरत असताना डोके भादरता येत नाही.

आधीच सांगून टाकायच्या गोष्टी

डॉक्टर विचारतील तेव्हा सांगू, असे नको. स्वतःहून सांगा:

- कान टोचल्यावर, लस घेतल्यावर किंवा छातीवर पुळी येऊन कधी कातडी फुगून गाठ आली आहे का? असा केलॉइड होण्याचा कल असेल तर डोक्यावर हजारो भोके पाडणे हा जुगार आहे. मागच्या बाजूला थोड्या जागेत चाचणी घेऊन काही महिने थांबणे हा निदान शहाणपणाचा मार्ग.
- मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार. साखर ताब्यात नसेल तर तारीख पुढे ढकला.
- ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी. ती आपल्या मनाने बंद करू नका. ज्यांनी लिहून दिली त्यांनाच विचारा.
- मेंदी-कलप लावल्यावर किंवा कुठल्या इंजेक्शनने पूर्वी अंगावर उठले होते का?
- विडी, सिगारेट, मावा. हे लपवू नका. तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. कातडी त्याच वेळी टोचलेली, भूल देऊन रक्त कमी केलेली असते. पुढच्या मधल्या भागात कातडी काळी पडून मरण्याचा धोका तंबाखूने वाढतो. शस्त्रक्रियेआधी आणि नंतर निदान दोन-दोन आठवडे तंबाखू बंद. हे जमणार नसेल तर पैसे वाचवा.

पंच कुणाच्या हातात?

सगळ्यात जास्त नुकसान इथे होते, आणि सगळ्यात कमी प्रश्नही इथेच विचारले जातात.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये केशरोपणाबाबत स्पष्ट लिहून दिले की एखाद्या कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून ही शस्त्रक्रिया सुरू करता येत नाही. त्यासाठी रीतसर प्रशिक्षण घेतलेला नोंदणीकृत डॉक्टर हवा. मदतनीस असू शकतात, पण जबाबदारी डॉक्टरांची. त्वचारोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे तर २००८ पासून आहेत. त्यांच्या लेखकांत पुण्याचे डॉ. नरेंद्र पटवर्धन होते. म्हणजे नियम कुणाला ठाऊक नव्हते असे कुणी म्हणू नये.

व्यवहारात काय होते? भूल डॉक्टर देतात, फोटो डॉक्टरांसोबत निघतो, आणि पंच चालवतो तंत्रज्ञ. केस त्वचेतून ज्या कोनात बाहेर येतो त्याच कोनात त्वचेखाली जात नाही. तो कोन हाताला कळायला सराव लागतो. कोन चुकला की मूळ तुटते, आणि दोन हजार ग्राफ्टसाठी अडीच हजार भोके पडतात. खोली चुकली की जखम खोल जाते. बोथट पंच तर कातडी कापण्याऐवजी दाबतो आणि भोक फाकवतो. पुढच्या बाजूला ग्राफ्ट बसवायच्या चिरा मारतानाही तेच. फार जवळजवळ आणि फार खोल चिरा मारल्या तर त्वचेचा रक्तपुरवठाच तुटतो. ग्राफ्टपेक्षा चीर मोठी झाली तर खड्डे राहतात, ग्राफ्ट वर राहिला तर खडे टोचल्यासारखी कातडी होते.

तेव्हा भेटीत हे विचारा, आणि उत्तरे लिहून घ्या:

१. पंच कोण चालवणार आणि पुढच्या चिरा कोण मारणार? त्यांची पदवी आणि नोंदणी क्रमांक काय? एम.डी. किंवा डिप्लोमा त्वचारोग, एम.सीएच. प्लास्टिक सर्जरी अशी पदवी पाटीवर वाचा. नुसत्या 'डॉ.'वर जाऊ नका. नाव महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदणीत सापडते का, ते त्यांच्या संकेतस्थळावर पाहता येते.

२. पंच नवा असेल ना, आणि पाकीट माझ्यासमोर फोडाल ना? एकाचा पंच दुसऱ्याला म्हणजे कावीळ आणि एचआयव्हीला आमंत्रण.

३. किती ग्राफ्ट काढले, किती तुटले, याची नोंद मला मिळेल का?

४. काही बिघडले तर कुठल्या अतिदक्षता विभागात नेणार?

५. तुमच्याच हातून वर्षापूर्वी झालेल्या, माझ्यासारख्या कातडीच्या रुग्णाचे मागचे डोके पाहायला मिळेल का? सगळे पुढचे फोटो दाखवतात. तुम्ही मागचा मागा.

आणखी एक बारीक खूण सांगते. भुलेचे लिग्नोकेन किती द्यायचे याची कमाल मर्यादा वजनावर ठरते. शस्त्रक्रियेच्या दिवसापर्यंत तुम्हाला कुणी वजनकाट्यावर उभेच केले नसेल, तर तिथला हिशोब अंदाजपंचे चालतो असे समजा आणि उठून या.

टेबलावर असताना

तुम्ही जागे असता, हा तुमचा फायदा आहे. मान अवघडली तर सांगा, थोडी विश्रांती मागा. मान हलली तर पंच तिरका जातो. दुखू लागले तर दात आवळून सहन करू नका. जीभ जड होणे, ओठांभोवती मुंग्या, कानात गुंई, छातीत धडधड, श्वास कोंडणे, यातले काहीही वाटले तर ताबडतोब बोला. मधल्या सुट्टीत कुणी "अजून पाचशे टाकू का, जागा आहे" म्हणाले तर नाही म्हणा. आकडा आधीच शांत डोक्याने, घरच्यांसमोर ठरलेला असतो.

सोलापुरातले पहिले पंधरा दिवस

मार्च ते मे टाळा. पारा चाळिशीच्या पुढे असताना घाम, धूळ आणि ऊन यांतून ताजी जखम सांभाळणे अवघड आहे. दिवाळीनंतरचा काळ बरा. यंत्रमाग किंवा टॉवेलच्या कारखान्यात काम असेल तर निदान दहा दिवसांची रजा आधी मंजूर करून घ्या. हवेतली कापसाची तूस ओल्या खपल्यांना चिकटते आणि काढायला गेले की ग्राफ्टही येतो.

पुण्या-मुंबईत करून घेणार असाल तर त्याच संध्याकाळी रेल्वेने डोके सीटला टेकवत परत येऊ नका. एक-दोन रात्री तिथेच राहा, डोके पहिल्यांदा तिथेच धुवून घ्या.

डॉक्टरांनी लिहून दिलेलेच प्रमाण, पण सर्वसाधारण क्रम असा:

- पहिले दोन-तीन दिवस सांगितल्याप्रमाणे सलाइनचा फवारा. दोन-तीन उशा लावून अर्धवट बसून झोप. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी कपाळ, कधी डोळेही सुजतात. सूज ओसरते. घाबरून चोळू नका.
- मग मगाने हलके पाणी सोडून धुणे, नळाची धार नको. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येते आणि टाकीत साठते, तेव्हा पहिला आठवडा उकळून गार केलेले पाणी वापरा.
- खपल्या सात ते दहा दिवसांत आपोआप पडतात. नखाने काढलेली खपली म्हणजे हातात आलेला केस, आणि मागे व्रण.
- हेल्मेट दहा दिवस तरी नाही. म्हणजे गाडीच चालवायची नाही. रिक्षाने जा.
- आजीचे खोबरेल, हळद, कोरफड काहीही नाही. पोहणे महिनाभर बंद. उन्हात सैल टोपी किंवा छत्री. ताज्या व्रणावर ऊन लागले की डाग गडद होतो.

दोन ते आठ आठवड्यांत लावलेले केस गळतात. हे ठरलेले आहे, मुळे आत राहतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नवे दिसू लागतात, आणि खरा निकाल वर्षाने.

पुढीलपैकी काही दिसले तर मात्र फोनवर फोटो पाठवून वाट पाहत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा: त्वचेचा एखादा पट्टा जांभळा-काळा पडणे, पू, वाढत जाणारी वेदना, ताप, दाबूनही न थांबणारे रक्त. दम लागला किंवा चेहरा-घसा सुजला तर रोपण केंद्राकडे न जाता थेट मोठ्या रुग्णालयात.

कागद आणि तुमचे हक्क

केशरोपणाला आरोग्यसेवेची जीएसटी सवलत नाही, त्यामुळे पक्के बिल मिळायलाच हवे. "बिल नको असेल तर कमी करतो" हे मान्य केलेत तर पुढे तक्रारीला पुरावा उरत नाही. संमतीपत्र मराठीत मागा, आदल्या दिवशी घरी नेऊन वाचा. त्यात ग्राफ्टची संख्या, पद्धत आणि शस्त्रक्रिया करणाऱ्याचे नाव असावे. कोऱ्या जागा ठेवून सही करू नका. आपली वैद्यकीय कागदपत्रे मागितल्यावर ७२ तासांत मिळण्याचा हक्क रुग्णाला आहे.

बिघडले तर तीन दारे आहेत. डॉक्टरांच्या वागणुकीविरुद्ध महाराष्ट्र वैद्यक परिषद. रोपण केंद्राची नोंदणी आणि सोयी यांबद्दल, शहरात असेल तर महापालिकेचा आरोग्य विभाग. भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. शस्त्रक्रिया मुंबईत झाली असली तरी अर्ज सोलापुरात चालतो. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५.

आयोगाकडे जाण्याची मुदत मात्र दोन वर्षांची आहे, आणि त्यातले एक वर्ष केस उगवण्याची वाट पाहण्यात जाते. म्हणून शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी घरच्या कुणालातरी तुमच्या मागच्या डोक्याचे, उजेडात, जवळून चार फोटो काढायला सांगा. मग दर महिन्याला त्याच जागेवरून.